न्यूक्लियर फार्मसी टेक्निशियनचे काम : रात्रपाळी, किरणोत्सर्ग आणि घड्याळाचा हिशेब

उत्तररात्र (धागाकर्ती)

भारतात बी.फार्म. करून अमेरिकेत आलेल्या अनेक मराठी मैत्रिणींनी आणि मित्रांनी अलीकडे मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : न्यूक्लियर फार्मसीत टेक्निशियनची नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी का? मी ओहायो राज्यातील अशा एका फार्मसीत बरीच वर्षे हे काम करते आहे. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इतर जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

हा प्रश्न इतक्या जणांना का पडतो, ते आधी सांगते. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी पदवीधराला इथल्या फार्मासिस्टच्या समकक्षता परीक्षेस बसायचे असेल, तर त्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो, आणि आपली बी.फार्म. चार वर्षांची असते. त्यामुळे उत्तम शिकलेली माणसे टेक्निशियनच्या नोकरीकडे वळतात आणि त्यांतील बहुतेक औषधाच्या दुकानातील काउंटरमागे उभी राहतात. न्यूक्लियर फार्मसी नावाची काही गोष्ट आहे, हे अनेकांच्या कानावरही आलेले नसते.

ही फार्मसी म्हणजे रस्त्यावरून दिसणारे दुकान नव्हे. हाडांचा, हृदयाचा, मूत्रपिंडांचा किंवा फुप्फुसांचा स्कॅन करण्यापूर्वी रुग्णाला जे किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, ते प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या सिरिंजमध्ये भरून आसपासच्या रुग्णालयांना वेळेवर पोहोचवणे, हे तिचे काम. यांतील बहुतेक औषधांत टेक्नेशियम-९९एम असते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे सक्रियता निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे सहा तासांचा आहे, म्हणजे दर तासाला त्याची जवळजवळ अकरा टक्के सक्रियता कमी होते. आदल्या आठवड्यात बनवून कपाटात ठेवावे असे हे औषध नाही; ते त्याच रात्री बनवावे लागते आणि त्याच दिवशी संपते. म्हणूनच आमचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि औषधाची पहिली गाडी उजाडण्याच्या आत बाहेर पडते.

कामाची सुरुवात जनरेटरपासून होते. शिशाच्या जाड आवरणात ॲल्युमिनाचा एक छोटा स्तंभ असतो आणि त्याला मॉलिब्डेनम-९९ धरून बसलेले असते. त्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा असून त्याच्या ऱ्हासातून टेक्नेशियम सतत तयार होत राहते. स्तंभातून सलाइन सोडले की टेक्नेशियम त्याबरोबर उतरते आणि मॉलिब्डेनम वरच राहते. ते खरोखरच वर राहिले आहे का, हे मात्र प्रत्येक वेळी मोजून पाहायचे असते. टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे (क्युरी हे सक्रियतेचे एकक) मॉलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ही मर्यादा औषध रुग्णाच्या शरीरात जाण्याच्या क्षणी पाळली गेली पाहिजे. टेक्नेशियम लवकर घटते आणि मॉलिब्डेनम सावकाश, त्यामुळे पहाटे ठीक असलेले प्रमाण दुपारपर्यंत वाढत जाते. वापराची मुदत ठरवताना हे ध्यानात घ्यावे लागते. स्तंभातून ॲल्युमिनियम सुटलेले नाही ना, याचीही कागदी पट्टीवर थेंब टाकून तपासणी होते.

त्यानंतर किट बनवायची. हाडांसाठी एमडीपी, हृदयासाठी सेस्टामिबी, अशा कोरड्या भुकटीच्या व्हायली असतात आणि त्यांत टेक्नेशियम मिसळतात. सेस्टामिबीची व्हायल उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी लागते. टेक्नेशियम औषधाला नीट जोडले गेले आहे की मोकळेच फिरते आहे, हे क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर पाहायचे. मोकळे राहिलेले टेक्नेशियम थायरॉइड आणि जठरात जाऊन बसते, चित्र बिघडते आणि रुग्णाला विनाकारण पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

मग सिरिंज भरायच्या, आणि हिशेबाचा खरा कस इथे लागतो. समजा, सकाळी ११ वाजता एका रुग्णाला हाडांच्या स्कॅनसाठी २५ मिलिक्युरी हवी आहे आणि आपण पहाटे ३ वाजता सिरिंज भरत आहोत. आठ तासांचा ऱ्हास धरला तर त्या वेळी सिरिंजमध्ये सुमारे ६३ मिलिक्युरी असावी लागते. व्हायलमध्ये दर मिलिलिटरला ५० मिलिक्युरी असेल, तर साधारण सव्वा मिलिलिटर ओढायचे. तासाभराने त्याच व्हायलमधून तितक्याच सक्रियतेसाठी जास्त द्रव ओढावा लागेल. संगणक हे आकडे देतो; तरीही त्याने दिलेला आकडा शक्यतेच्या कक्षेत आहे का, हे टेक्निशियनला तोंडी हिशेबाने कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्याला ते कळत नाही, त्याच्या हाती मी सिरिंज देणार नाही.

हे सर्व शिसेयुक्त काचेच्या एल-ब्लॉकमागे, म्हणजे टेबलावरच्या आडोशामागे, टंगस्टनच्या कवचात सिरिंज धरून आणि निर्जंतुकतेचे सगळे नियम पाळून करायचे असते. अंतिम जबाबदारी अधिकृत न्यूक्लियर फार्मासिस्टची असते आणि त्याचे प्रशिक्षण ७०० तासांचे असते. पण हात आमचे असतात. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न किरणोत्सर्गाचा आहे. माझ्या अनुभवात तो धोका मोजता येतो, अडवता येतो आणि दर महिन्याला कागदावर दिसतो. मला अधिक काळजी वाटते ती पहाटे ३ ते ५ या वेळेतील घाईची. गाडी दाराशी उभी असते, एक तपासणी राहिलेली असते, आणि तेव्हा "थांबा" म्हणण्याचा अधिकार टेक्निशियनला आहे की नाही, यावरून ती फार्मसी चांगली की वाईट हे ठरते.

---

मोगरा

ताई, इतके नेमके लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात बी.फार्म. केले असून सध्या न्यू जर्सीत आहे आणि टेक्निशियनच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास करते आहे. माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी, की शरीराला मिळणारा डोस कमी असला तरी बोटांचे काय, कारण सिरिंज तर हातातच धरायची असते. दुसरी शंका मोकळेपणाने विचारते : आम्हाला येत्या एक-दोन वर्षांत मूल हवे आहे. अशा वेळी ही नोकरी धरणे शहाणपणाचे आहे का? सासूबाईंना हे काम अजिबात पसंत नाही आणि त्यांना काय सांगावे ते मला सुचत नाही.

---

सह्यकडा

मी मुंबईतील एका रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देतो.

बोटांविषयीची तुमची शंका अगदी योग्य आहे. या व्यवसायात सर्वाधिक डोस बोटांनाच मिळतो. म्हणून अंगठीसारखा वेगळा डोसमापक घालतात. तो हातमोज्याच्या आत, त्याचा संवेदक सिरिंजच्या, म्हणजे तळहाताच्या बाजूला येईल असा घालायचा असतो. अनेक जण तो उलटा घालतात आणि मग नोंद खोटी कमी दिसते. हातांसाठी वार्षिक मर्यादा अमेरिकेत आणि भारतातही ५०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला डोस मोजण्याचे एकक) आहे. संपूर्ण शरीरासाठी अमेरिकेत वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने ती अधिक कडक ठेवली आहे : सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. नैसर्गिक पार्श्वभूमीतून माणसाला वर्षाला मिळणारी जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे, म्हणजे तुलना करता येईल.

वेळ, अंतर आणि आडोसा ही त्रिसूत्री सगळे पाठ करतात. पण त्यांतील अंतराचे महत्त्व नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. उगम बिंदूसारखा लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर डोसचा दर चौथ्या हिश्श्यावर येतो. उघडी व्हायल बोटांनी उचलण्याऐवजी लांब चिमट्याने उचलली, तर त्या एका सवयीने वर्षाची नोंद बदलते. आडोशाच्या बाबतीत समस्थानिक पाहावे लागते. टेक्नेशियमच्या १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांची तीव्रता निम्मी करायला शिशाचा पाव मिलिमीटरच्या आसपासचा थर पुरतो; पेट (पीईटी) स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ च्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट किरणांना चार-पाच मिलिमीटर लागतात. एक्स-रे विभागातील ॲप्रन घालून फ्लोरिनजवळ निर्धास्त उभे राहणे म्हणूनच चूक आहे. तो ॲप्रन तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो आणि त्याच्या वजनाने माणसाचे हात मात्र मंदावतात.

---

उत्तररात्र

मोगरा, दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण मी स्वतः गरोदरपणात या फार्मसीत काम केले आहे.

अमेरिकेत गरोदरपण लेखी जाहीर करणे ऐच्छिक आहे आणि तो निर्णय सर्वस्वी बाईचा असतो. जाहीर केल्यानंतर गर्भासाठी संपूर्ण गरोदरपणात मिळून ५ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि तो डोस एखाद्या महिन्यात एकवटू नये, अशी काळजी घ्यावी लागते. पोटाजवळ लावायचा वेगळा बॅज, म्हणजे डोसमापक, मिळतो. भारतात ही मर्यादा याहून कडक आहे. जाहीर केल्यापासून पुढे गर्भासाठी १ मिलिसिव्हर्ट. मी सिरिंज भरण्याचे काम सोडून क्रोमॅटोग्राफी, नोंदी आणि मागणी नोंदवण्याचे काम घेतले होते. आयोडीन-१३१ पासून पूर्ण दूर राहिले, आणि तसेच राहावे. द्रवरूप औषधातून ते हवेत उडते, श्वासातून आत गेले तर थायरॉइडमध्ये साठते, आणि म्हणूनच ते हाताळणाऱ्यांच्या गळ्याजवळ मापक धरून वेळोवेळी मोजणी करतात.

सासूबाईंना समजावण्याचा एक मार्ग सुचवते. नोकरी धरल्यावर पहिल्या काही महिन्यांचे बॅजचे अहवाल त्यांच्यासमोर ठेवा आणि वर सह्यकडा यांनी दिलेल्या आकड्यांशी त्यांना स्वतः ताडून पाहू द्या. माझ्या आईची भीती माझ्या शब्दांनी गेली नव्हती, ती त्या कागदांनी गेली. मात्र आकडे पाहूनही तुमच्या मनाला स्वस्थता नसेल, तर मूल झाल्यावर ही नोकरी धरण्यात काहीच कमीपणा नाही.

---

परळकर

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागातून टेक्नॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडचे चित्र वाचकांसमोर यावे म्हणून लिहितो.

भारतात या शाखेची पायाभरणी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने केली. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ साली सुरू झाली आणि देशभरातील न्यूक्लियर मेडिसिन विभागांत काम करणारे असंख्य डॉक्टर आणि टेक्नॉलॉजिस्ट तिथूनच शिकून बाहेर पडले. बी.एस्सी.नंतरचा डीएमआरआयटी हा पदविका अभ्यासक्रम केला की या कामाचे दार उघडते. आपल्याकडे रुग्णालयाबाहेर मध्यवर्ती फार्मसी आणि तिच्यात वेगळा टेक्निशियन, अशी रचना सहसा नसते. हॉट लॅब, म्हणजे किरणोत्सर्गी औषध बनवण्याची खोली, रुग्णालयातच असते आणि जो माणूस सकाळी औषध बनवतो, तोच बहुधा दिवसभर रुग्णांचे स्कॅनही करतो. याचा एक फायदा असा, की आपण बनवलेल्या औषधाने चित्र कसे आले हे त्याला त्याच दिवशी दिसते. उत्तररात्र यांना ते समाधान मिळत नसावे, असे मला वाटते.

आमच्या उमेदीच्या काळात आम्ही स्तंभाचा जनरेटर क्वचितच पाहिला. आपल्या अणुभट्टीत तयार होणाऱ्या मॉलिब्डेनमची विशिष्ट सक्रियता, म्हणजे दर ग्रॅममागची सक्रियता, कमी असे, त्यामुळे ते छोट्या स्तंभावर मावत नसे. मग मिथाइल इथाइल किटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे काढायचे. मॉलिब्डेनमच्या अल्कधर्मी द्रावणात किटोन मिसळले, की टेक्नेशियम वरच्या थरात येते. तो थर अलगद काढायचा, किटोन उडवून टाकायचे आणि उरलेले सलाइनमध्ये विरघळवायचे. या सगळ्याला वेळ लागे, कौशल्य लागे आणि हातांना डोसही जास्त मिळे. पण परदेशातून येणाऱ्या महागड्या जनरेटरवर अवलंबून न राहता सामान्य रुग्णाला परवडेल असा स्कॅन त्या पद्धतीनेच शक्य झाला. 'ब्रिट' ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाल्यावर समस्थानिके आणि तयार किट पुरवण्याचे काम तिच्याकडे आले. आजच्या तरुण टेक्नॉलॉजिस्टना ती जुनी पद्धत निदान एकदा करून दाखवावी, असे मला मनापासून वाटते, कारण टेक्नेशियम आणि मॉलिब्डेनम वेगळे होतात म्हणजे नेमके काय होते, ते त्यात डोळ्यांनी दिसते.

---

दारणाकाठ

मी या क्षेत्रातला नाही. माझ्या वडिलांचा पेट स्कॅन नाशिकला ठरला होता. ते सकाळपासून उपाशी होते आणि औषध मुंबईहून येताना गाडी घाटात अडकली. दोन-अडीच तासांनी गाडी आली, तेव्हा चार रुग्णांपैकी दोघांचेच स्कॅन झाले आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावले. औषध तर आले होते. मग सर्वांना का मिळाले नाही, याचे उत्तर तेव्हा कोणी नीट दिले नाही.

---

सह्यकडा

तुमच्या वडिलांना सोसावे लागले याचे वाईट वाटते, आणि हे उत्तर तुम्हाला त्याच दिवशी मिळायला हवे होते. पेट स्कॅनसाठी वापरतात त्या एफडीजी या औषधात फ्लोरिन-१८ असते आणि त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आहे. दोन तास उशीर झाला, की बाटलीतील निम्म्याहून अधिक सक्रियता गेलेली असते. चौघांसाठी पाठवलेले औषध तेवढ्या वेळात जेमतेम दोघांना पुरेल इतके उरते. सर्वांना थोडे थोडे वाटून दिले असते, तर चौघांचीही चित्रे धूसर आली असती आणि डॉक्टरांना लहान गाठ दिसली नसती. अशा वेळी मधुमेह असलेल्या किंवा फार अशक्त रुग्णाला आधी घ्यावे, हे विभागाने ठरवायचे असते.

उदाहरणासाठी एक आकडा देतो. सकाळी साडेआठला एका रुग्णाला १० मिलिक्युरी द्यायची असेल, तर पहाटे ५ वाजता त्याच्या वाट्याची सुमारे ३८ मिलिक्युरी बाटलीत असावी लागते. टेक्नेशियमच्या औषधात अर्ध्या तासाचा उशीर खपून जातो. एफडीजीत तो खपत नाही.

---

गिरणामाई

मी टेक्सासमध्ये हे काम काही वर्षे केले आणि नंतर सोडले. धाग्यात लिहिलेले सर्व खरे आहे, तरी दुसरी बाजूही नोंदली जावी.

किरणोत्सर्गाने मला काही झाले नाही. झाले ते रात्रपाळीने आणि वजनाने. जनरेटर, शिशाचे डबे, औषध भरलेल्या पेट्या आणि वापरून परत आलेल्या सिरिंजच्या पेट्या हे सगळे रोज उचलावे लागते आणि शिसे म्हणजे शिसे. माझे मनगट आणि खांदा दोन्ही दुखू लागले. मुले शाळेतून येत तेव्हा मी झोपलेली असे. वरच्या पदांची शिडीही फार लांब नाही, कारण फार्मासिस्ट झाल्याशिवाय एका मर्यादेपुढे जाता येत नाही. मी ज्या ठिकाणी काम करत होते, तिथे माणसे कमी असल्यामुळे एकाच टेक्निशियनवर सिरिंज भरणे आणि पेट्यांबाहेर येणारा किरणोत्सर्ग मोजणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी पडत. उत्तररात्र यांनी "थांबा" म्हणण्याच्या अधिकाराविषयी लिहिले आहे, तो अधिकार कागदावर असूनही तिथे कोणी वापरू धजत नसे. कामाची आवड असूनही मी बाहेर पडले, आणि तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते.

---

उत्तररात्र

गिरणामाई, तुम्ही हे लिहिले ते फार बरे केले. यातील एकही मुद्दा मी खोडणार नाही. वजनाविषयी मी लिहायला हवे होते.

परळकर काका, तुम्ही म्हणता तसे चित्र आम्हाला दिसत नाही, हे खरे आहे. रुग्ण कोण, याची जाणीव मात्र काही कामांत फार जवळून होते. शरीरात लपलेला जंतुसंसर्ग शोधण्यासाठी रुग्णाचे रक्त आमच्याकडे येते, त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांना इंडियम-१११ किंवा टेक्नेशियम जोडतात आणि त्या पेशी त्याच रुग्णाला परत देतात. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाणे म्हणजे अनर्थ. त्यामुळे एका टेबलावर एका वेळी एकाच रुग्णाचे रक्त, प्रत्येक नळीवर नाव आणि क्रमांक, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून केलेली खात्री, एवढे असल्याशिवाय मी तिथे हात लावत नाही.

फुप्फुसांच्या स्कॅनसाठी लागणाऱ्या एमएए या औषधाचेही असेच आहे. त्यात अल्ब्युमिनचे सूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसांतील केशवाहिन्यांत अडकून चित्र देतात. प्रौढाला साधारण २ ते ७ लाख कण देतात. व्हायल जुनी होत जाते तशी सक्रियता घटते, कण मात्र तितकेच राहतात. म्हणून दुपारच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच सक्रियतेसाठी सकाळपेक्षा कितीतरी जास्त कण जातात. फुप्फुसांच्या धमन्यांत उच्च दाब असलेल्या रुग्णाला किंवा लहान मुलाला हे घातक ठरू शकते. मिलिक्युरीचा आकडा बरोबर असूनही सिरिंज चुकीची असू शकते, हे इथे शिकायला मिळते.

---

मोगरा

सर्वांचे आभार. पुढील आठवड्यात एका ठिकाणी मुलाखत आहे. तिथे मी काय विचारावे?

---

गिरणामाई

रात्री किती टेक्निशियन असतात आणि किती सिरिंज भरल्या जातात, हे विचार. एखादी रात्र नुसते उभे राहून काम पाहू देतील का, हेही विचार. जे पाहू देतात, तिथेच जा.

---

सह्यकडा

मागील वर्षातील बोटांच्या नोंदींची सरासरी, नावे न सांगता, दाखवाल का, असे विचारा. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडतो. सिरिंज भरण्याचे काम आलटून पालटून दिले जाते की एकाच माणसाकडे राहते, हेही कळून घ्या. एकाच्याच बोटांना सारा डोस मिळणे टाळता येते.

---

उत्तररात्र

या दोघांच्या प्रश्नांत एकाची भर घालते : क्रोमॅटोग्राफीचा निकाल येण्याआधी गाडी कधी सोडली जाते का? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर घरी येऊन नीट विचार करा. आणि नोकरी मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून डोसच्या सर्व अहवालांची स्वतःची प्रत ठेवा. पुढे नोकरी बदललीत तर त्या वर्षातील आधीचा डोस नव्या ठिकाणी सांगावा लागतो, आणि जुन्या मालकाकडून तो कागद मिळवण्यात आठवडे जातात.